जमनीनं सोडलेल्या दोन ओळी

मुलींचे वसतिगृह, यवतमाळ
१० सप्टेंबर २००६

ती. आजीस,
पुष्पाचा सा. न. वि. वि.

तू फोनवर बोलत नाहीस. डब्यात तोंड घालायला मी काय मांजर आहे का, असं म्हणतेस. म्हणून हे पत्र. तुझा गुडघा, बापूंचा खोकला आणि केसलीवहिनीच्या उलट्या, तिन्हींची खबर कळव. मी बरी आहे. इथली भाजी पातळ असते, पण सोबत तुझ्या शिव्या नसल्यामुळे पचते.

आता काम सांगते. आमच्या मराठीच्या सरांनी प्रत्येकाला आपल्या घरातलं एक छोटं गाणं आणायला सांगितलं आहे. त्याचा छंद, यमक आणि पुनरावृत्ती यांवर चार पानं लिहायची आहेत. मी जमनीताईचा ढावलो घेतला. सरांना आधी ढावलो म्हणजे काय तेच सांगावं लागलं. आमच्या बंजारा तांड्यात नवरी सासरी निघताना घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत हे म्हणते, आणि म्हाताऱ्या बाया महिनाभर आधी तिच्याकडून ते घोकून घेतात. वर्गातल्या मुली हसल्या, की रडायचीसुद्धा शिकवणी लागते का. सर हसले नाहीत. गोरबोलीतलं मराठीत उतरवलंत तरी चालेल, फक्त ताल मोडू नका म्हणाले. म्हणून बोटं मोजत मी असं उतरवलं:

चुलीपाशी माझी जागा
मोकळी ठेव गं याडी
दिवाळीला ये रे वीरा
जुंपून आपली गाडी

प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला, याडी आणि गाडी. याडी म्हणजे आई आणि वीरा म्हणजे भाऊ, हेही सरांना सांगावं लागलं. आईनंतर बापूंची पाळी आली की वरच्या ओळी बदलतात, 'ओसरीत माझी जागा, मोकळी ठेव रे बापू'. खालच्या दोन मात्र त्याच राहतात. इथं मी अडकले. बापूंच्या कडव्यात यमक जुळत नाही. आणि भावाच्या कडव्यात काय होतं ते मला आठवतच नाही. ताईच्या लग्नाला परीक्षेमुळे मी नव्हते. तेव्हा कोणाच्या गळ्यात आधी पडायचं, खालच्या ओळी किती वेळा म्हणायच्या आणि ताईनं त्या दिवशी कशा म्हटल्या, ते आठवून लिही.

ताईला मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. तिच्या सासरच्या तांड्यातला तो उकंडा जीप घेऊन आपल्याकडे येतो ना? त्याच्याकडे काही निरोप असेल तर विचार.

याडीबापूंना नमस्कार. लोभ आहेच, तो शिव्यांसकट पाठवावा.

तुझी,
पुष्पा



तांडा, ता. मारेगाव
२० सप्टेंबर

चि. पुष्पाले,
मानीबाईचा अ. आ. (ह्या दोन अक्षरांत काय काय मावते ते रात्रीच्या वर्गातल्या बाईनं शिकवलं नाही. लोक लिहितात म्हणून मी लिहिलं.)

तुह्यं पत्र भेटलं. तुहा भाऊ लखन वाचून दाखवतो म्हणे. मी म्हटलं माहे डोळे काय पाहुण्याले देल्ले का. अख्खी दुपार गेली, पण मीच वाचलं.

तुले शिकायले पाठवलं अन् तू अक्षरं मोजून राह्यली. मोज बाप्पा. बापाच्या कडव्यात जुळत नाही म्हणते. कसं जुळन? हे गानं ज्या बायकाईनं केलं त्याईच्या समोर पोरगी गाडीत बसून राह्यली होती, तवा जुळवत कोन बसलं असन? अन् बाप अन् गाडी कायले जुळन? पोरीले आनायले बाप जाते का कधी? भाऊ जाते.

आता नीट ऐक. आधी याडी, मंग बाप, मंग म्हातारी, म्हणजे मी, अन् शेवटी भाऊ. भावाच्या पाळीले वर 'पंगतीत माझी जागा, मोकळी ठेव रे वीरा' अन् खालच्या दोन ओळी तीनदा. तिसऱ्यांदा भावानं सगळ्याईच्या देखत येईन म्हणाव लागते. तो म्हणत नाही तोवर पोरीनं गळा सोडायचा नाही. माह्या लग्नात माह्या भावाले ऐन टायमाले खोकला आला. मी त्याचा गळा असा आवळला का त्यानं येईन बी म्हटलं अन् मेलो बी म्हटलं.

तुह्या बहिणीचं सांगू? याडीपाशी चांगली रडली, बापापाशी रडली, माह्या गळ्यात पडून तं माही चोळी भिजवली. भावापाशी गेली, वरच्या दोन ओळी म्हटल्या, अन् गळा सोडून सरळ जीपमध्ये जाऊन बसली. खालचं काहीच नाही. बाया तोंडाले पदर लावून हसल्या. मी जीपपाशी गेली अन् तिच्या दंडाले चिमटा घेतला, का महिनाभर घोकून घेतलं ते काय पान्यात गेलं का. तिनं नुसता पदर पुढं ओढला. हे तुह्या चार पानात लिहू नको, तांड्याचं हसू होते.

केसलीच्या उलट्या थांबल्या. भाकर अजून जाडच करते. परवा उकंडा ओसरीवर च्या पीत होता, त्याच्यासमोरच मी तिले म्हटलं, तुह्या बापानं तुले हात देल्ले का मुसळं देल्ली. उकंडा लय हसला. तुही याडी म्हणते जरा दमानं घ्या, सून पोटुशी हाय. कापसाले भाव नव्हता म्हणून एका मांडवात दोन लग्नं उरकली. आपली जमनी उत्तमसिंगच्या पोराले, हरिसिंगले देल्ली अन् उत्तमसिंगची पोरगी केसली आपल्या लखनले केली. साटं झालं, लाड करायचं कोनी ठरवलं नव्हतं.

उकंडा म्हणते जमनी मजेत हाय, अंगानं भरली.

पऱ्हाटीले बोंडं धरली हायेत, अळी बी धरली हाय. लोभ हाय तेवढाच राहू दे. वाढवला का तू रडते.

तुही आजी,
मानीबाई



यवतमाळ
२८ सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मग सरांना दाखवलं. चिमट्याची गोष्ट सोडून बाकी सगळं. सर म्हणाले, पुनरावृत्ती कुठं येते हे कोणीही सांगेल. जिथं ती यायला हवी होती आणि आली नाही, तिथं थांबून बघा.

मी रात्रभर त्याच जागी थांबले आहे. आजी, गाणं विसरणारा माणूस कसा विसरतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो ओळीच्या मधे अडखळतो. नुसता सूर धरून ठेवतो, नाही तर आधीचीच ओळ पुन्हा म्हणतो. जमनीताई मधे अडखळली नाही. तिनं वरच्या दोन्ही ओळी पुऱ्या केल्या, आठ आणि आठ, आणि जिथं वरचा भाग खालच्याला जोडला आहे नेमकी तिथं थांबली. कापड शिवणीवर उसवावं तसं. विसरून एवढं सरळ उसवत नाही.

आणि तिघांच्या गळ्यात पडून त्याच खालच्या दोन ओळी तिनं तिघांपाशी म्हटल्या होत्या. चौथ्या वेळी त्या कशा विसरेल? मला हे गाणं चिंचोके मांडून तिनंच शिकवलं होतं, एका अक्षराला एक चिंचोका. मी एक चिंचोका कमी ठेवला तर हातावर मारायची.

ती विसरली नाही. तिनं लखनभियाला बोलावलं नाही. बाकीच्यांपाशी ती ओळ गाण्यातली म्हणून म्हटली. ज्याला खरंच बोलवायचं होतं त्याच्यापाशी सोडली.

का सोडली, हे मला गाण्यातून कळत नाही. भियाला विचार, त्या वेळी त्यानं काय केलं. आणि या दिवाळीला तो तिला आणायला जाणार आहे का?

उत्तर लवकर पाठव, मग चार अक्षरं कमी असली तरी चालतील.

तुझी,
पुष्पा



तांडा
८ ऑक्टोबर

चि. पुष्पाले अ. आ.

तू अक्षरं मोजून लोकाईच्या मनातलं काढून राह्यली, हे मले आवडलं नाही. आधी चूल पेटवली तुह्या पत्रानं, असं लिहिनार होती, पण पेटवली नाही.

लखनले इचारलं. आधी म्हणे काही नाही. मंग मी त्याचा च्या समोरून उचलून घेतला तवा बोलला. म्हणे तिनं गळ्यात हात टाकला तवा मी येईन म्हणाले तोंड उघडून तयारच होतो. ती ओळच आली नाही, तोंड उघडं ते उघडंच राह्यलं, अन् लोक हसले ते मलेच हसले असं वाटलं. म्हणून तो आजवर तिच्यावर रुसून हाय. दिवाळीले जात नाही म्हणते. बोलावलं नाही तं कायले जाऊ. माणसाचं डोकं असं असते.

पुढं इचारलं तं एक गोष्ट सांगतली, ती मले बी माहीत नव्हती. हळदीच्या दिवशी उत्तमसिंग अन् तुहा बाप मांडवात बसले होते. उत्तमसिंग म्हणे, साटं म्हणजे साटं. आमच्या पोरीचं तुमच्या घरी जसं होईन तसं तुमच्या पोरीचं आमच्या घरी. तुम्ही तुमची आनून ठेवली तं आम्ही आमची नेऊ. तुह्या बापानं मान डोलावली. त्याले वाटलं, म्हणजे दोघीचं चांगलं होईन. अंगाले हळद लागलेली जमनी मागच्या कुडाच्या ताटीआड बसली होती. तिनं ऐकलं, अन् ती ऐकते हे लखननं पाह्यलं.

आता तुही शिवण मले समजली. भाऊ गाडी जुंपून इकडून गेला का तिकडून दुसरी गाडी केसलीसाठी निघते. म्हणून पोरीनं भावाले जुंपूच देल्लं नाही.

उकंडा काल आलता. जमनी कशी हाय म्हटलं, तं पुन्हा तेच, मजेत, अंगानं भरली. कापूस वेचून कोनी अंगानं भरते का? मी इतके साल वेचला, माह्या अंगाले काय लागलं?

लखन जात नाही तं न जावो. मी जातो दिवाळीले. मले कोनाच्या बदल्यात देल्लं नव्हतं, मले कोन अडवते. गुडघा दुखते, पण तो इथं बसून बी दुखते.

तू अभ्यास कर. रात्रभर एका जागी थांबत नको जाऊ, डोळ्याखाली काळं होते.

तुही आजी,
मानीबाई



तांडा
२८ ऑक्टोबर

चि. पुष्पाले अ. आ.

दिवाळी झाली. जमनीले घेऊन आली. हे आधी लिहितो म्हणजे बाकीचं तू घाबरत वाचनार नाही.

एसटीनं पांढरकवडा, तिथून उकंडाच्या जीपनं झरीकडे. लोक मांडीवर मांडी घालून बसले होते, एका बाईची कोंबडी माह्या पदरावर हगली. तांड्यात उतरली तं घरी कोनी नाही, सगळे वेचनीले. मी तशीच वावरात गेली. जमनी पऱ्हाटीच्या तासात, दोन ओळीच्या मधात, वाकून होती, वोटीत कापूस. मी तिच्या डाव्या अंगानं गेली अन् हाक मारली. वळली नाही. पुन्हा मारली. वळली नाही. मी समोर जाऊन उभी राह्यली तवा दचकली.

डाव्या कानानं तिले ऐकू येत नाही, पुष्पा.

आधी म्हणे सर्दी झालती. मी तिच्या बाजूचं तास धरून वेचाले लागली. तास अर्धं वेचून झालं तवा ती आपल्या मनानं बोलली. कापूस वेचतानी माणूस एकमेकाच्या तोंडाकडं पाहत नाही, म्हणून बोलता येते.

हरिसिंग दारू पीत नाही. जुगार खेळत नाही. आपल्या मनानं तिले कधी हात लावत नाही. उकंडाची जीप आली का मंग लावते. उकंडा इथं आपल्या ओसरीवर बसून जे पाहते, जे ऐकते, ते तिथं चावडीवर जाऊन सांगते. त्यात त्याचा काही डाव नाही, त्याले गप्पा मारायची सवय हाय. हरिसिंग ऐकते, घरी येते, अन् बहिणीचं आपल्या घरी जे झालं ते इथं जमनीचं करते. लखननं केसलीपुढून ताट सरकवलं होतं, तं त्यानं जमनीपुढून सरकवलं. केसलीले ताप असतानी आपण निंदनाले धाडलं, तं जमनीले बी धाडलं. तो रागावत बी नाही म्हणे. देनं फेडल्यावानी करते.

अन् एक दिवस तो दारात आला अन् तिले म्हणाला, तुह्या बापानं तुले हात देल्ले का मुसळं देल्ली. जमनी म्हणे, आजी, तोंड त्याचं होतं, पण बोलनं तुह्यं होतं, मी ऐकल्याबरोबर ओळखलं. त्या बोलन्यामागून कानावर हात आला. मी इथं तं फक्त बोललीच होती. त्यानं त्यात आपल्या पदरचं घातलं.

तुह्या सरांनी इचारलं तं सांग, पुनरावृत्ती मी पाह्यली.

ती म्हणे, भियाले बोलावलं असतं, त्यानं मले आनलं असतं, तं ते केसलीले घेऊन गेले असते. तिचं पोट हाय. तिनं माह्यं काय केलं? मी म्हटलं तू लय शहानी. ती म्हणे तूच शिकवलं. मी कधी शिकवलं ते मले आठवत नाही.

मी तिथं रडली नाही. रडून कान उघडत नाही. सांजच्याले उत्तमसिंगले सांगतलं, दिवाळीले पोरगी नेतो. त्यानं ठरलेलं याद करून देल्लं. मी म्हटलं मले सगळं याद हाय. हरिसिंगनं मले च्या आनून देल्ला, पाया पडला. चांगलं वळण हाय त्याले. मी च्या पेली नाही.

इथं आल्यावर तुह्या याडीनं जमनीच्या कानात तेल घालाले घेतलं, मी वाटी हिसकली. यवतमाळले डाक्टरले दाखवाव म्हणतो.

अन् केसली. जमनी जीपमधून उतरली तवा केसली दारातच होती. दोघीनं एकमेकीकडं पाह्यलं. केसली आत गेली अन् आपली पेटी भरू लागली. तिले कोनी सांगतलं नव्हतं.

कार्तिक सरला का तांड्याची बैठक होईन. तवरोक मी केसलीले काही बोलत नाही. उकंडा ओसरीवर असला का मी तोंडात सुपारी धरतो.

तुही आजी,
मानीबाई



यवतमाळ
५ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

ताईला घेऊन ये. मोठ्या दवाखान्यात कानाचे डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी बसतात, मी चौकशी करून ठेवली आहे. रात्री ती माझ्याजवळ वसतिगृहात राहील, बाईंची परवानगी काढली आहे.

पोलिसांत तक्रार करता येते, आजी. माझ्या मैत्रिणीची मावशी अशा बायकांना मदत करायचं काम करते, ती सोबत येईल. पण ते ताईनं म्हणायला हवं. तू किंवा मी नाही.

माझी चार पानं देऊन झाली. त्यात मी लिहिलं, की या गाण्यातली पुनरावृत्ती उत्तर मागणारी आहे. नवरी तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते कारण समोरच्यानं येईन म्हणायचं असतं, तो म्हणाला की ओळ संपते. हरिसिंगभाऊजींचं मी लिहिलं नाही, पण लिहिताना डोक्यात तेच होतं. तिथं कोणी काही मागतच नाही. इकडचं तिकडं होतं, तिकडचं इकडं, आणि ते थांबायला जागाच ठेवलेली नाही.

आता केसलीवहिनीचं बोलते. तू तिच्याबद्दल फक्त पेटी भरली एवढंच लिहिलंस. बैठकीत सगळे म्हणतील, एक आली, आता दुसरी गेली पाहिजे, म्हणजे बरोबर जुळतं. आमच्या वर्गात काही जण कविता करतात. पहिली ओळ आपल्या मनानं लिहितात आणि यमक जुळवायला दुसऱ्या ओळीत कुठला तरी शब्द ओढून आणतात. त्या शब्दाचं तिथं काही काम नसतं. वहिनीला असं ओढू देऊ नका. ती तिथं गेली तर काय म्हणून जाईल? ती परत हवी म्हणून कोणी नेत नाहीये. हिशेब जुळावा म्हणून नेताहेत.

बापू काय म्हणतात? लखनभिया काही बोलतो की अजून तोंड उघडंच आहे?

मला इथं झोप लागत नाही. ही तक्रार नाही, खबर आहे.

तुझी,
पुष्पा



तांडा
२६ नोव्हेंबर

चि. पुष्पाले अ. आ.

जमनी तुह्याकडून परवा आली. डाक्टरनं पडदा फाटला सांगतलं, अर्धं ऐकू येईन, पुरं येनार नाही, हे तिनं मले उजव्या बाजूनं बसून सांगतलं. पोलिसाचं ती अजून काही म्हणत नाही. मी बी इचारत नाही. इचारलं का ती माह्यासाठी हो म्हणन.

बैठक काल झाली. देवळापुढं सतरंजी घातली. तांड्याचा नाईक लखीराम मधात, इकडे आपले, तिकडे उत्तमसिंग अन् त्याचे भाऊ. हरिसिंग आला नाही. बाया मागं. मी म्हातारी म्हणून मले पुढं बसू देल्लं. मी बोलायले उठली अन् एवढं बोलली का शेवटी नाईकानं हात जोडून खाली बसवलं. कानाचं सांगतलं. उत्तमसिंग म्हणे पोराचं चुकलं, समज देऊ. मंग म्हणे, पण पहिलं कोन बोललं, आमच्या पोरीले मुसळं कोन म्हटलं? लोक माह्याकडं पाहू लागले. मी म्हटलं, मीच म्हटलं. 

तुहा बाप डोंगरसिंग, माह्याच पोटचा, त्याचं ऐक. तो म्हणे जमनीले समज देऊन परत धाडू, केसलीच्या पोटात आपल्या घरचं लेकरू हाय, ते कसं जाऊ द्याव. म्हणजे त्यानं बी जुळवूनच पाह्यलं. कोनती देल्ली तं कमी नुकसान. तुही याडी तोंडात पदर कोंबून बसली होती. लखन जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

नाईकाचं तिसरंच. तो चांगला माणूस हाय, पण त्याच्यापाशी जेवढी रीत हाय तेवढाच तो चांगला हाय. म्हणे, साटं मोडलं तं दोन्हीकडून मोडते. जमनी आपल्या बापाघरी राह्यली, तं केसली आपल्या बापाघरी गेली. कोनावर अन्याय नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर जीप उभीच होती, उत्तमसिंगच्या भावानं केसलीची पेटी वर टाकली बी. मले वाटलं, झालं. माह्यापाशी अजून बोलायले गंज होतं, पण कामाचं एक बी नव्हतं.

तवा केसली बायकांतून उठली. डोक्यावरचा पदर तसाच. सतरंजीवर आली नाही, कडेलेच उभी राह्यली. आवाज काही मोठा केला नाही. बापाकडं पाहून म्हणाली,

"बापू, मले एका पोरीच्या बदल्यात आनलं, तवा मले कोनी इचारलं नाही. आता बदल्यात नेऊ नका. मी इथं राहीन. जमनी बी इथंच राहीन."

नाईक म्हणे, अशी रीत नाही. ती म्हणे माहीत हाय. उत्तमसिंग उठला. तो काही वाईट बाप नाही, पुष्पा. पागोटं काढून त्यानं तोंड पुसलं. म्हणे, मंग आजपासून माह्या घरी पोरगी नाही, तुह्या बाळंतपणाले तुही याडी येनार नाही, दिवाळीले कोनी येनार नाही, मेलीस तं माती द्याले येनार नाही. तिनं मानेनं हो म्हटलं. त्यानं आपल्या तांड्याचं पानी बी घेतलं नाही. जीप गेली. पेटी तिच्यातच गेली, कोनाच्या ध्यानात राह्यली नाही.

लखन त्यानंतर उठला अन् काही तरी बोलायले गेला. मी म्हटलं, बस.

नाईकानं काही ठरवलं नाही. लोक आपापल्या घरी गेले. साटं मोडलं का राह्यलं हे तांड्यात कोनालेच सांगता येत नाही. आपल्या घरात आता दोन पोरी हायेत, अन् दोघीले बी माहेर नाही असं म्हटलं तरी चालन, कारन जमनी तं माहेरीच हाय, तिले जायले दुसरं माहेर कुठं, अन् केसलीचं राह्यलं नाही. रात्री केसली जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून पडली. जमनी तिच्या बाजूले जाऊन पडली. मी जमनीले ये म्हणून हाक मारली, पण ती हाक तिच्या बहिऱ्या बाजूनं गेली, का तिनं मुद्दाम ऐकली नाही, मले माहीत नाही.

सकाळची गोष्ट सांगतो अन् थांबतो. केसली उठली, चूल पेटवली, अन् डाळ ठेवून कुठं हरपली कोन जाने. डाळ करपली. अख्ख्या घरात वास. महिनाभर मी जीभ दातांत धरून बसली होती, पुष्पा, पण डाळीनं ती सुटली. मी तिले म्हटलं, का तुह्या नाकात कापूस कोंबला का, एवढी डाळ जळून राह्यली अन् ही पाहते भिंतीकडं, आम्ही काय आता कोळसे खाव का. अन् बोलली अन् मले आठवलं, ओसरीवर उकंडा. तो रोजच्यासारखा च्या पीत होता. त्याचा कप तोंडापाशी तसाच थांबला.

केसलीनं पळी खाली ठेवली. मले वाटलं रडते. ती म्हणे, कोळसे खायचे नसन तं स्वतः उठून पाहायचं होतं, रात्रभर घोरून अख्ख्या घराले झोपू देत नाही अन् सकाळी चुलीवरचं लोकाईनं पाहाव. अन् ही सुपारी दारात थुकता ते कोन पुसते, मीच पुसतो. अन् रोज पत्र लिहितानी घासलेट किती जळते ते काय माह्या बापाचं हाय? एवढं बोलली अन् तिच्याच बोलन्यावर तिले घाबरायले झालं. ती दरवाज्याकडं पाहू लागली. जमनी खाटेवरून उठली, उजवा कान आमच्याकडं करून बसली.

मी म्हटलं, बोल अजून. ती बोलली. मंग मी बोलली. तुही याडी मधात पडली तं दोघीनं तिले बाजूले सारलं. सगळं बोललो. भाकरीचं, लखनचं, मुसळाचं बी. उकंडा च्या तसाच टाकून निघाला, अन् मी त्याले ओसरीवरून हाक मारून सांगतलं, जा, चावडीवर नीट सांग, एक शब्द बी सोडू नको. आता त्या शब्दावरून तिथं कोनाच्या गालावर हात पडनार नाही. ते भांडन आमचं हाय, अन् दोघीचं बी पुरं झालं नाही, दुपारी पुन्हा लागनार हाय.

करपली डाळ सगळ्यांनी खाल्ली. कडू होती.

तुह्या चार पानाचे मार्क कळव, कमी असले तरी कळव. लोभ कसा ठेवाव ते तुले आता माह्यापेक्षा जास्त समजते, म्हणून लिहीत नाही. घासलेट संपत आलं.

तुही आजी,
मानीबाई